फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन: पासिंग मिळायला हवं की नको?

स्टिअरिंगगिअर

आधी मुद्दा, मग पुराण. जुन्या गाडीचं इंजिन बदललं असेल आणि काम नीट असेल, तर सरकारने ती कसून तपासावी, हवे तेवढे पैसे घ्यावेत आणि रस्त्यावर येऊ द्यावी. आपल्याकडे ही सोयच नाही.

आता पुराण. सासऱ्यांची १९६९ ची फियाट ११००डी. कुर्ल्यात बनलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मूळ इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. दोनदा रीबोअर झालं (म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून मोठे केले), तरी तेल पीतच होतं. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी हात जोडले. सासरे गेल्यावर मेहुण्याने आणि मी तिच्यात कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन बसवलं. जिप्सीचंच का, तर ते गाडीच्या लांबीत उभं बसतं आणि मागची चाकं फिरवायला सोयीचं पडतं. झेनचं आडवं इंजिन घालायचं तर अर्धी गाडी कापावी लागली असती. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, पुढे डिस्क आणि बूस्टर टाकला. गिअर आता खाली आलाय, वरचा दांडा नुसता शोभेला. (माझा इथला 'स्टिअरिंगगिअर' हा आयडी मात्र बदललेला नाही.)

आरसीची मुदत संपत आली म्हणून आरटीओत पासिंगला नेली. साहेबांनी चासी नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. छाप जुळली. मग इंजिनाचा नंबर बघितला, आरसी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि बॉनेट अलगद मिटलं. "हे होणार नाही." आवाज चढला नाही की काही नाही. बाहेर चहा पीत उभ्या एजंटचा सल्ला तयार होता : "जुनं इंजिन आहे ना घरी? तपासणीपुरतं टाका, पुढच्या आठवड्यात काढा."

व्हिंटेजचा रस्ताही बंद. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिका आणली. नव्या नोंदणीला २० हजार, मुदत १० वर्षं. वयात माझी गाडी आरामात बसते, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत अशी अट आहे. शिवाय ती गाडी रोज वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, बस्स. म्हणजे माझी गाडी ना धड जुनी, ना नवी. त्रिशंकू.

मूग गिळून

एजंटचं ऐकलं असतंत तर हा धागा निघाला नसता आणि आम्हाला वाचायला काही मिळालं नसतं. आभार.

वेल्डर

असहमत, आणि जोरात असहमत. तुमच्या साहेबांनी बरोबर केलं.

फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा ताण झेलते. ती बनवली ४० हॉर्सपॉवरच्या हिशोबाने. तुम्ही आत ६० घातलेत, तेही ५५ वर्षांच्या पत्र्यात. इंजिनाचे माऊंट कशावर वेल्ड केले? त्यामागे पत्रा किती जाड उरलाय? दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितलात का कधी? माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जुन्या गाड्यांत तो आरपार जातो. वरून रंग असा की तोंड बघून घ्यावं.

एकदा एका गिऱ्हाइकाची अशीच 'प्रोजेक्ट' गाडी लिफ्टवर घेतली. प्रोपेलर शाफ्ट (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा) मधून कापून जोडलेला, बॅलन्सिंगचा पत्ता नाही. साठच्या वर गेली की सीट थरथरते, आणि मालक अभिमानाने म्हणतो, "इंजिनाचा दम आहे." तो दम नव्हता हो, शाफ्ट सुटायच्या बेतात होता. तुमचं काम चांगलं असेलही. पण कायदा तुमच्या एकट्यासाठी करता येत नाही, त्यालाही तोच लागू होणार.

सौ. एलएलबी

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बदला'मागे' हा शब्द नीट वाचा.

दुसरं, विमा. उद्या कुणाला धक्का लागला तर कंपनीचा माणूस पहिल्यांदा बॉनेटच उघडेल. दादा, गाडी हौसेची असते, कोर्टाच्या तारखा हौसेच्या नसतात.

स्टिअरिंगगिअर

@सौ. एलएलबी, ताई, कायदा काय आहे ते साहेबांनी बॉनेट मिटलं तेव्हाच कळलं. तो तसा असावा का, हा प्रश्न आहे. याच कायद्यात सीएनजी आणि बॅटरीची वाट ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त किट असेल तर इंजिन उपटून मोटर बसवा, चालतं. पेट्रोलचं काढून पेट्रोलचंच घातलं की मी गुन्हेगार!

आणि आरसीत इंजिन नंबर आहे, सीसी आहे, रंगही आहे. ब्रेकचा रकाना आहे का? माझ्या गाडीतला सगळ्यात मोठा सुरक्षेचा बदल कुणी वाकूनसुद्धा बघितला नाही.

@वेल्डर, पट्टी मीच बदललीय, नवा पत्रा घालून. शाफ्ट बॅलन्स करून घेतलाय. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अशा गाड्या लिफ्टवर घेऊन सरकारने बघाव्यात, असंच तर म्हणतोय.

टेम्सकाठी

इंग्लंडात राहतो, म्हणून तिकडचं. इथे बरीच वर्षं आठ गुणांची पद्धत होती. मूळ चासी किंवा बॉडीला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी २ आणि इंजिनाला फक्त १. आठ गुण जमले की गाडीची जुनी ओळख कायम. नाही जमले तर स्वतंत्र तांत्रिक तपासणी आणि 'क्यू' अक्षराची पाटी, म्हणजे लांबूनच कळावं की हिचं कूळ-मूळ संशयास्पद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलले, पण त्या पद्धतीतला विचार मला आवडायचा : इंजिन हा बदलायचाच भाग, ओळख सांगाड्याची. शेजारच्या आजोबांच्या मॉरिसमध्ये तिसरं इंजिन आहे. कुणाला काही वाटत नाही.

वेल्डर

@टेम्सकाठी, तिथे तपासणारा खाली झोपून बघतो. इथे एका साहेबापुढे रांग किती असते, माहितीये ना? पाच मिनिटांत काय वेल्ड तपासणार तो? गुणांची पद्धत आणलीत तर महिन्याभरात एजंटकडे गुणांचं दरपत्रक लागेल. आणि चोरीची इंजिनं? नंबर बदलायची मुभा दिली की भंगार बाजारात दिवाळी.

मूग गिळून

दरपत्रकावर मनापासून हसलो. आणि मग हसू आलंच नाही.

स्टिअरिंगगिअर

चोरीच्या इंजिनाचा मुद्दा मान्य. माझ्याकडे जिप्सीच्या इंजिनाची पावती आणि त्या गाडीची रद्द झालेली आरसी आहे, पण सगळ्यांकडे नसते हे खरं. ही कागदं सक्तीची करा, मी पहिला सही करीन. दरपत्रकाला माझ्याकडे उत्तर नाही.

सौ. एलएलबी

जुनं इंजिन विकलंत का?

स्टिअरिंगगिअर

नाही. पडवीत गोणपाटाखाली आहे. काल मेहुण्याने आणि मी ते उघडलं. ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरला आतून नवं अस्तर, बसेल असं मिस्त्री म्हणतात, क्रँकबद्दल अजून काही बोलले नाहीत. बसवायचं तर कायमचं बसवायचं, पासिंगपुरतं नाही, एवढं आमचं ठरलंय. डिस्क मात्र काढणार नाही. ११००डी चा क्रँक कुणाकडे पडून असेल तर कळवा. @वेल्डर, तुम्हालाच विचारतोय.

वेल्डर

आहे एक. आधी गाडी लिफ्टवर घेऊन या, मग बोलू.