लंडनहून एका दिवसात ब्लेचली पार्क: काय पाहावं, आणि शाळेत एनिग्मा कसं मांडावं?

गणिताच्या बाई, सांगली

ऑक्टोबरमध्ये लेकीकडे लंडनला जाणार आहे. ब्लेचली पार्क, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन सांकेतिक संदेश फोडले ती जागा. त्यासाठी एकच दिवस हाताशी आहे, तोही शनिवार. ब्लेचली पार्क आणि तिथलं संगणकांचं संग्रहालय हे एकच की वेगवेगळं? एका दिवसात दोन्ही नीट होतं का? परत आल्यावर नववीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनात एनिग्माचं, म्हणजे जर्मनांच्या सांकेतिक यंत्राचं, टेबल मांडायचं आहे. हातानं करता येईल असं काही सुचवा. गणित सांगायला हात आखडता घेऊ नका, कारण यंत्र फुटलं कसं तेच मुलांपुढे ठेवायचं आहे.

अजिंक्यतारा

बाई, दोन्ही एकाच आवारात आहेत, पण संस्था वेगळ्या आणि तिकिटंही वेगळी. ब्लेचली पार्क म्हणजे वाडा, हट म्हणजे लाकडी बराकी, आणि काही ब्लॉक. नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग त्याच आवारात ब्लॉक एचमध्ये आहे. बरेच जण पार्कचं तिकीट काढतात आणि कोलोसस हा युद्धकाळातला संगणक कुठे दिसत नाही म्हणून हिरमुसून परततात. कोलोसस आणि चालता बॉम्ब (स्फोटक नव्हे, एनिग्मा फोडायचं यंत्र) ही दोन्ही यंत्रं संगणक संग्रहालयात आहेत. पार्क नाताळाच्या आसपासचे दिवस सोडले तर रोज उघडं असतं. संग्रहालय रोज उघडं नसतं आणि बॉम्बच्या प्रात्यक्षिकाचेही दिवस ठरलेले असतात. शनिवार असला तरी आधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघूनच तिकीट काढा.

गाडी लंडन यूस्टनहून. लंडन नॉर्थवेस्टर्नची गाडी धरा, ती ब्लेचलीला थांबते. अवंतीच्या जलद गाड्या तिथे न थांबता पुढे मिल्टन कीन्सला नेतात, आणि मग मागे यावं लागतं. ब्लेचली स्टेशनपासून पार्क चालत पाच मिनिटांवर.

सकाळी पार्क, दुपारी संग्रहालय असा क्रम ठेवा. पार्कमध्ये माणसं आणि कामाची रीत कळते, संग्रहालयात यंत्रं चालताना दिसतात. उलट केलं तर यंत्रं कशासाठी होती हेच कळत नाही. वाड्याच्या खोल्या झपाट्यानं बघा आणि वेळ हट ६, ३ आणि ८ ला द्या. हट ६ मध्ये जर्मन भूदल आणि हवाई दलाच्या एनिग्माचे संदेश फोडत, शेजारच्या हट ३ मध्ये त्यांचं भाषांतर आणि विश्लेषण होई. दोन हटच्या मध्ये लाकडी बोगदा केलेला होता आणि कागदांचा ट्रे झाडूच्या दांड्यानं पलीकडे ढकलत. हट ८ आरमारी एनिग्मासाठी, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगची खोली तिथेच. स्टेबलयार्डजवळचं पोलिश स्मारकही चुकवू नका. पोलिश गणितज्ञ मारियान रेयेव्स्की यांनी एनिग्माच्या चाकांची जोडणी डिसेंबर १९३२ मध्येच गणितानं काढली होती, आणि जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळच्या पिरीला पोलिशांनी सगळं ज्ञान इंग्रज आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. ब्लेचलीची सुरुवात त्या पायावर झाली.

मिरज जंक्शन

प्रदर्शनाची सुरुवात आपल्याकडच्या उदाहरणानं करा. महानुभावांची सकळ लिपी ही अदलाबदलीची लिपी, एका अक्षरासाठी ठरलेलं एकच चिन्ह. अशी लिपी कोणतं चिन्ह किती वेळा येतं हे मोजत उलगडता येते. वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली आणि पंथाचं बंद साहित्य वाचकांपुढे आलं. एनिग्मात प्रत्येक कळ दाबल्यावर चाक सरकतं आणि अदलाबदलीचा तक्ताच बदलतो. ए पाच वेळा दाबला तर पाच निरनिराळी अक्षरं येऊ शकतात, त्यामुळे नुसत्या मोजणीनं काही हाती लागत नाही.

आता गणित. भूदलाच्या यंत्रात पाचांतली तीन चाकं, क्रम ५×४×३ = ६०. सुरुवातीच्या जागा २६×२६×२६ = १७,५७६. गुणाकार १०,५४,५६०. एवढंच असतं तर फार अवघड नव्हतं. पुढे प्लगबोर्ड येतो, म्हणजे तारा लावून अक्षरांच्या जोड्यांची अदलाबदल करणारा फलक. दहा तारांनी वीस अक्षरांच्या जोड्या, सहा अक्षरं मोकळी. म्हणजे २६! भागिले (६! × १०! × २ चा दहावा घात), सुमारे १५० लाख कोटी. सगळ्याचा गुणाकार १५९ वर १८ शून्यं. मुलांना हा आकडा आवडतो, पण तिथे थांबू नका. बॉम्बची कमाल अशी की प्लगबोर्डाच्या त्या १५० लाख कोटी शक्यता एकेक करून तपासाव्याच लागत नाहीत.

एनिग्माची खोट परावर्तकात होती. वीज चाकांतून जाऊन त्यावर आपटून दुसऱ्या वाटेनं परत येते, म्हणून कोणतंही अक्षर स्वतःच्या रूपात कधीच बाहेर पडत नाही. आता संदेशात ‘वेटरफोरहेअरझागे’ म्हणजे हवामानाचा अंदाज हा रोमन लिपीत १६ अक्षरांचा जर्मन शब्द असेल असा कयास बांधा. तो सांकेतिक मजकुराखाली सरकवत न्या. जिथे वरचं आणि खालचं अक्षर एकच, ती जागा बाद. (२५/२६) चा १६ वा घात सुमारे ०.५३, म्हणजे जवळपास निम्म्या जागा कागद-पेन्सिलीनंच उडतात. या कयासाच्या शब्दाला ब्लेचलीत क्रिब म्हणत. प्रदर्शनात मुलांकडून हेच करून घ्या, दोन पट्ट्या पुरतात.

बॉम्बपुढे उभं राहिल्यावर आधी पुढची रंगीत चाकं दिसतात. १०८ चाकं, तिनाचा एक संच, म्हणजे ३६ एनिग्मा एकाच वेळी. स्वयंसेवकाला पाठीमागची बाजू दाखवायला सांगा, खरी कल्पना तिथे आहे. क्रिब आणि संकेतातल्या अक्षरांच्या जोड्या जोडून वेटोळी तयार होतात, तो आराखडा म्हणजे मेन्यू. एका अक्षराची प्लग-जोडी गृहीत धरून वीज सोडायची. गृहीतक आणि चाकांची जागा चुकीची असेल तर वेटोळ्यांतून फिरत वीज सहसा सगळ्या २६ तारांत पसरते, म्हणजे ती जागा बाद. पसरली नाही तर यंत्र थांबतं. यंत्र उत्तर शोधत नाही, अशक्य ते गाळत जातं. ब्लेचलीतल्याच गॉर्डन वेल्चमनचा डायगोनल बोर्ड, हा यंत्रातला जादा जोडणीचा फलक, याच कामाला. ए ची जोडी बी शी असेल तर बी ची ए शीच, एवढ्या साध्या नियमानं गाळणी कित्येक पट बारीक झाली. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये आलं, डायगोनल बोर्ड असलेलं ऑगस्टमध्ये.

गणिताच्या बाई, सांगली

फारच उपयोगी. क्रिबच्या पट्ट्या नक्की करते. कोलोससबद्दलही सांगा. एनिग्मा फोडायला ट्युरिंगनं कोलोसस बांधला असं मुलं ऐकून असतात.

कृष्णाकाठ

त्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि टेबलावर मोठ्या अक्षरांत तसं लिहावं. कोलोसस बांधला टॉमी फ्लॉवर्स यांनी. ते डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रातले टेलिफोन अभियंता. आणि तो एनिग्मासाठी नव्हता, लोरेंझ या दुसऱ्या जर्मन सांकेतिक यंत्रासाठी होता. एनिग्मात एक जण कळा दाबतो, दिवा लागलेलं अक्षर टिपून घेतात आणि मग ते मोर्समध्ये पाठवतात. लोरेंझ टेलिप्रिंटरला जोडलेलं, सगळं आपोआप, आणि वापरणारे वरिष्ठ सेनापती. बारा चाकं, त्यांवर मिळून ५०१ पिना.

अक्षर पाच छिद्रांचं, छिद्र म्हणजे १ आणि कोरं म्हणजे ०. यंत्र त्यात किल्लीचे, म्हणजे चाकांनी तयार केलेले, पाच अंक मिळवतं, हातचा न धरता, म्हणून १ + १ = ०. जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या बटणानं चालतो तसं, कोणतंही एक बटण दाबलं की स्थिती पालटते, दोन्ही दाबली की होती तशीच राहते. हेच बलस्थान आणि हीच दुखरी जागा. एकाच किल्लीनं दोन मजकूर पाठवले आणि ते दोन्ही संकेत एकमेकांत मिळवले तर किल्ली नाहीशी होते, उरते दोन मजकुरांची बेरीज. ३० ऑगस्ट १९४१ ला एका जर्मन ऑपरेटरनं सुमारे ४००० अक्षरांचा संदेश त्याच किल्लीनं पुन्हा पाठवला, पण दुसऱ्या वेळी शब्द आखडून. मजकूर जसाच्या तसा असता तर बेरीज नुसती शून्यं आली असती. शब्द आखडल्यामुळे अक्षरं सरकली आणि ब्लेचलीत जॉन टिल्टमन यांनी दोन्ही मजकूर सुटे केले. हाती आलेल्या किल्लीवरून बिल टट यांनी अख्ख्या यंत्राची रचना काढली, यंत्र डोळ्यांनी न पाहता. पहिला धागा ४१ ह्या आवर्तनाचा होता. संग्रहालयात ही दालनं याच क्रमानं बघा: लोरेंझ, टनी (लोरेंझची इंग्रजांनी बांधलेली नक्कल), हीथ रॉबिन्सन (कोलोससच्या आधीचं यंत्र), मग कोलोसस.

हीथ रॉबिन्सनवर दोन कागदी फिती एकत्र पळत. त्या ताणल्या जात, दात्यांनी फाटत आणि ताळमेळ सुटे. फ्लॉवर्स यांनी दुसरी फीत काढूनच टाकली आणि चाकांचे नमुने व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या, मंडलात तयार केले. उरलेली फीत घर्षणाच्या चाकांवर पळते, आणि मधल्या बारीक छिद्रांवरून यंत्राला ताल मिळतो, त्यामुळे ताणल्यानं बिघडत नाही. सेकंदाला ५००० अक्षरं, इंचाला दहा, म्हणजे ताशी जवळपास ४६ किलोमीटर. पहिल्या यंत्रात सुमारे १६०० व्हॉल्व्ह होते. इतके व्हॉल्व्ह कधी नीट चालणारच नाहीत असं तज्ज्ञांचं मत होतं. फ्लॉवर्स यांना टेलिफोन यंत्रणेवरून माहीत होतं की व्हॉल्व्ह जातात ते मुख्यतः चालू-बंद करताना, तंतू तापून-गार होऊन. म्हणून यंत्र बंदच करायचं नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते कामाला लागलं, युद्ध संपेपर्यंत अशी दहा झाली.

कोलोससच्या टंकयंत्राकडे जरूर बघा. त्यावर संदेश छापला जात नाही, नुसते मोजणीचे आकडे येतात. लोरेंझच्या बारांतल्या पाच चाकांची सुरुवातीची जागा तेवढी तो शोधतो, पुढचं काम हातानं होई. समोर आहे ती टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून बांधलेली पुनर्रचना, युद्धातल्या नवव्या कोलोससच्या जागेवर. एनिग्मा आणि लोरेंझ मात्र अस्सल.

आपल्या भागातल्या मुलांना एक जोड द्या. यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढताना. त्या आघाडीवरच्या केसलरिंग या जर्मन सेनापतीचा बर्लिनशी चालणारा लोरेंझ दुवा ब्लेचलीत वाचत, टोपणनाव ब्रीम.

अजिंक्यतारा

संग्रहालयात हारवेल डेकाट्रॉन सोडू नका. १९५१ चा अस्सल संगणक, २०१२ मध्ये पुन्हा सुरू केलेला, वजन अडीच टन. डेकाट्रॉन नळीत नारिंगी ठिपका दहा घरं फिरतो, म्हणजे आकडा कुठे साठलाय ते डोळ्यांना दिसतं. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागतात. संगणक शिकवायला इतकं उघडं यंत्र दुसरं नाही. आणि बॉम्ब बांधणाऱ्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचाच एचईसी-२एम हा संगणक १९५५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारतातला पहिला अंकीय संगणक तो.

पेठभाग

आता कागदी एनिग्मा. हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाईप घ्या, २५ सेंमी तुकडा. परीघ २३५.६ मिमी. त्याभोवती गुंडाळायच्या कागदी पट्टीत २६ घरं, प्रत्येक ९.१ मिमी, म्हणजे २३६.६ मिमी. हा एक मिलिमीटर सैलपणा हवाच, नाहीतर चाक फिरत नाही. डिंकासाठी १० मिमी जास्त सोडा. ए-फोर कागदावर आडवी पट्टी बसते. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा. ३ टक्के आक्रसलं तरी पट्टी ७ मिमी तोकडी पडते आणि जुळतच नाही.

पट्ट्या पाच, प्रत्येकी ४० मिमी रुंद. डावीकडून: परावर्तक, डावं, मधलं, उजवं चाक, मग साधी ए ते झेड. पहिली आणि शेवटची पाईपला चिकटवा, मधल्या तीन फिरत्या. चाकाच्या दोन्ही कडांना ए ते झेड, आणि उजवीकडून डावीकडे २६ रेषा. ३ नंबरच्या चाकावर ए-बी, बी-डी, सी-एफ, डी-एच असं येतं. रेषा चार रंगांत काढा, एका रंगात कोण कुठे चाललंय ते दिसत नाही. प्लगबोर्ड पुठ्ठ्यावर दोन जोड्यांचा पुरे.

पडताळा असा. चाकं १, २, ३, परावर्तक बी, तिन्ही ए वर, प्लग नाही. ए पाच वेळा ‘दाबला’, म्हणजे दर वेळी उजवं चाक एक घर सरकवून ए पासून परावर्तकापर्यंत आणि परत रेषा धरत गेलं, की बी, डी, झेड, जी, ओ यायला हवं. पहिलंच अक्षर यू आलं तर चाक सरकवायचं राहिलं. यंत्रात कळ दाबली की आधी चाक सरकतं, मग वीज वाहते. ओ आलं तर चाक उलट्या दिशेनं फिरवलंय.

गणिताच्या बाई, सांगली

यू आणि ओ ची खूण फळ्यावर लिहून ठेवते. मधलं चाक कधी सरकवायचं? आणि देवनागरीत करता येईल का?

पेठभाग

३ नंबरचं चाक व्ही वरून डब्ल्यू वर जाताना मधलं एक घर पुढे. पण मधलं २ नंबरचं चाक ई वर आलं की पुढच्याच कळेला ते स्वतः आणि डावं चाक दोन्ही सरकतात. खरा क्रम ए-डी-यू, ए-डी-व्ही, ए-ई-डब्ल्यू, बी-एफ-एक्स. कारण यांत्रिक आहे: डाव्या चाकाला ढकलणारा खटका मधल्या चाकाच्या खाचेत उतरूनच पुढे जाऊ शकतो, म्हणून तो दोघांना ओढतो. हे सोडलं तर छोटे संदेश बरोबर येतात आणि लांब संदेश मध्येच बिघडतात, आणि मुलं चूक रेषांमध्ये शोधत बसतात.

देवनागरीत करता येईल, पण अक्षरांची संख्या सम ठेवा. परावर्तक जोड्या लावतो, विषम संख्येत एक अक्षर एकटं उरतं आणि ते स्वतःच्याच रूपात बाहेर येतं. काना-मात्रा वेगळी घरं मागतात, त्यामुळे पाईप जाड लागेल. ११० मिमी पाईपवर ३८ घरं घ्या. परीघ ३४५.६ मिमी, प्रत्येक घर ९.१२ मिमी. ही पट्टी ए-फोरवर मावत नाही, ए-थ्रीवर छापून घ्या.