मायले श्रीलंकेत न्यायचं आहे, अनुराधापूरले किती दिवस ठेवू?

वैनगंगाकाठ:
जय भीम मंडळी. आम्ही पवनीकडचे. माय ६८ वर्षांची, तिची एकच इच्छा का सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं अनुराधापूरले नेलेला बोधिवृक्ष डोळ्यानं पाहायचा. फेब्रुवारीत धानाचे पैसे हातात आले का सहा दिवसांसाठी निघून राहिलो. एजंटच्या कागदावर बीच, रत्नांचं दुकान, चहाचे मळे सारं आहे अन अनुराधापूर फक्त दोन तास! गुडघे दुखतात तिचे. काय ठेवू, काय काढू?

पिंपळपान:
भाऊ, रत्नांचं दुकान काढा पहिले. अनुराधापूरले दोन रात्री मुक्काम करा. मी सासूबाईंना घेऊन गेली होती. झाडाले हात लावता येत नाही बरं, ते उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा, फांद्यांना सोनेरी टेकू, आपण खालून पाहायचं. पण खाली पान पडलं तर घेता येते, लोक त्याचीच वाट पाहत बसतात. सासूबाई दीड तास मान वर करून बसल्या, पान पडलं ते बाजूच्या सिंहली आजीच्या पदरात, तिनं यांच्याकडे पाहिलं अन देऊन टाकलं, भाषा कोणाले येत नव्हती, दोघीबी साधू साधू करत होत्या. पान आता रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये आहे.
दीक्षाभूमीवरचा पिंपळही तिथलाच ना, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेला.
अन मोजे न्या. तिथल्या रुवनवेलीसाय स्तूपाच्या फरशीवर दुपारी पाय भाजते, चप्पल बाहेरच काढावी लागते.

रिटायर्ड मास्तर:
कॅन्डी सोडू नका, १९५० साली बाबासाहेब तिथल्या बौद्ध परिषदेला गेले होते. तिथल्या मंदिरातला दंतधातू, म्हणजे बुद्धांचा दात, मात्र दिसत नाही, सोन्याच्या करंड्यात असतो, तोही पूजेच्या वेळी दार उघडतं तेव्हाच, म्हणजे पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा. ढोल वाजायला लागले की गर्दी सरकते, म्हणून आईंना आधीच रांगेत उभं करा. पांढरी साडी बरी. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे ते फार मनाला लावून घेतात. अनुराधापूरजवळच्या मिहिंतले डोंगराला १८४० पायऱ्या आहेत पण गाडी बरीच वर जाते, सिगिरियाचा उंच खडकावरचा किल्ला मात्र गुडघ्यांसाठी नाहीच.

भटक्या_यवतमाळ:
नुवारा एलियाजवळ सीताअम्मन मंदिर आहे, अशोकवाटिका म्हणतात ती. पाहण्यासारखं आहे पण घाटात आमची अर्धी गाडी ओकत होती. सहा दिवसांत नका घुसवू.

वैनगंगाकाठ:
मोजे लिहून घेतले. एजंटले फोन केला, सांगितलं पौर्णिमा धरूनच तारखा काढ. म्हणते पौर्णिमेले तिथं दारू भेटत नाही, ग्रुप नाराज होते. म्हटलं माय काय प्याले चालली काय बापा.