मदत हवी आहे: शेवटच्या तासात काठाशी कार्प येतात, पण गळाला लागत नाहीत

पाच तासांच्या, कार्प मासे पकडायच्या स्पर्धेत सलग तिसऱ्यांदा इथेच अडकलोय. आधीचे चार तास १३ मीटरवर पोलने (रीळ नसलेली लांब काठी) पेलेटवर (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) मासे बरे मिळतात. शेवटच्या तासात काठाजवळ, दोनेक फूट पाण्यात, मोठे कार्प येतात. शेपट्या दिसतात, पाणी गढूळ होतं, फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा तुकडा) सारखा बुडतो. पण उचललं की गळ रिकामा. परवा गळाला नखापेक्षा मोठा खवला अडकून आला. म्हणजे गळ तोंडात नाही, अंगाला लागला होता. माशाला अशी इजा झालेली मला अजिबात आवडत नाही.

गळ १६ वरून १४ नंबरचा, म्हणजे मोठा केला, दोरा ०.१७ वरून ०.१९ मिमी. मक्याऐवजी मोठा पेलेटही लावून पाहिला. फरक नाही. चारा म्हणून दर दहा मिनिटांनी दोन मुठी सुटे पेलेट आणि मका टाकतो. तळ सपाट नाही, उतरता आहे. नियमाप्रमाणे गळ बार्बलेसच (उलटा काटा नसलेला) हवा. भिजवलेल्या पिठाचा चारा चालतो.

सुट्या चाऱ्यामुळे मासे तळ सोडून वर उठतात आणि दोऱ्याला घासतात, असं असेल का? मग चारा कमी करू, की सुटे दाणे बंद करून फक्त पिठाचे घट्ट गोळे टाकू?