इंजेक्शनचं इंजिन कार्बोरेटरवर घेताना: डिस्ट्रिब्यूटर की क्रँक ट्रिगर? आणि पंप कोणता?

रिंगस्पॅनर

२ लिटरचं चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हचं इंजेक्शन इंजिन जुन्या गाडीत बसवून त्यावर वेबर डीसीओईसारखे दोन साइडड्राफ्ट (हवा आडवी, बाजूने ओढणारे) कार्बोरेटर चढवायचे, हा स्वॅप बरेच जण करतात. चर्चा मात्र जेट आणि चोक या पेट्रोल-हवेची मापं ठरवणाऱ्या भागांपाशीच अडकते. माझं मत स्पष्ट आहे: अशा इंजिनाला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे फिरत्या रोटरने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, ठेवू नये. क्रँक ट्रिगर (क्रँकवरचं दातेरी चाक आणि ते वाचणारा सेन्सर) आणि प्रोग्रॅम करता येणारं इग्निशनच लावावं.

पिस्टन वर पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो अॅडव्हान्स; वेग वाढला की तो वाढावा लागतो. इंजेक्शनच्या काळातल्या कित्येक डिस्ट्रिब्यूटरमध्ये तो वाढवणारी वजनं आणि स्प्रिंगा नसतातच. अॅडव्हान्स ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, डिस्ट्रिब्यूटर फक्त ठिणगी वाटतो. ईसीयू काढून तोच डिस्ट्रिब्यूटर साध्या मॉड्यूलवर (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर) चालवला, की आयडलला १० अंशांवर लावलेलं टायमिंग ५,००० आरपीएमलाही १० अंशच राहतं. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, आयडल छान धरतं, म्हणून संशय कार्बोरेटरवर जातो आणि माणूस जेट बदलत बसतो. तपासणी सोपी आहे. टोपी काढा, रोटर बोटांनी फिरायच्या दिशेने पिळा. वजनं असतील तर तो थोडा सरकतो आणि सोडला की स्प्रिंगने मागे येतो. दगडासारखा घट्ट असेल तर आत अॅडव्हान्स नाही.

दुसरं, दोन साइडड्राफ्टमध्ये प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी. कुठल्याही एका वाटेतून व्हॅक्यूम घेतलं तर ते धडधडत येतं, स्थिर नसतं. व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा डायफ्राम त्यावर नीट चालत नाही. मग हलक्या थ्रॉटलला मिळायला हवा तो जास्तीचा अॅडव्हान्स मिळत नाही आणि पेट्रोल वाया जातं. प्रोग्रॅम करता येणाऱ्या युनिटला थ्रॉटलच्या दांड्यावर पोझिशन सेन्सर दिला, की हा प्रश्नच मिटतो.

आणि गाडीच्या रुंदीत आडवं बसणारं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलं, तर कॅमच्या टोकावरचा डिस्ट्रिब्यूटर सरळ फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडतो.

पॉइंटगॅप

असहमत. वजनं नसलेला डिस्ट्रिब्यूटर चालणार नाही, हे मान्य. पण त्यावरून डिस्ट्रिब्यूटरच नको हा निष्कर्ष निघत नाही. त्याच ब्लॉकची जुनी कार्बोरेटरवाली आवृत्ती असेल, तर तिचा डिस्ट्रिब्यूटर बसतो का ते आधी बघा. आत मॅग्नेटिक पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर), बाहेर जनरल मोटर्सचं (जीएम) चार पिनांचं एचईआय इग्निशन मॉड्यूल, सोबत त्याच्या जोडीची कॉइल. एवढ्यात काम होतं. पिकअपच्या दोन वायरी मॉड्यूलच्या डब्ल्यू आणि जी पिनांना, बी पिनेला स्विचचे पूर्ण १२ व्होल्ट, सी पिनेला कॉइलचं निगेटिव्ह. मॉड्यूल बिघडलं तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत दुसरं बसतं. प्रोग्रॅम युनिट गेलं तर लॅपटॉप कुठून आणणार?

इथे तीन चुका नेहमी होतात. मॉड्यूलच्या तळाला हीटसिंक पेस्ट न लावता ते पत्र्यावर आवळणं: गरम होऊन मिसिंग सुरू होतं, थंड झालं की गाडी पुन्हा ठीक. पिकअपच्या वायरी उलट्या जोडणं: टायमिंग आरपीएमबरोबर भलतीकडे सरकतं. तिसरी चूक म्हणजे गाडीतला जुना बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा) तसाच ठेवणं. एचईआयची कॉइल एक ओहमच्याही खाली असते, करंट मॉड्यूल स्वतः आवरतं. त्याच्या आधी बॅलास्ट ठेवला तर ठिणगी मरते.

मॉड्यूलऐवजी जुन्या यांत्रिक पॉइंटवर (उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) राहणाऱ्यांसाठी नेमकं उलट. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली, तर १४ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर करंट जातो आणि पॉइंट जळतात. ३ ओहमच्या कॉइलला तो पाचाच्या आत राहतो.

रिंगस्पॅनर

@पॉइंटगॅप, जुन्या आवृत्तीच्या डिस्ट्रिब्यूटरचा अॅडव्हान्स जुन्या हेडसाठी असतो, खरा धोका तिथे आहे. दोन व्हॉल्व्हच्या हेडला पूर्ण थ्रॉटलला एकूण ३२ ते ३६ अंश लागतात. चार व्हॉल्व्हच्या, प्लग मधोमध असलेल्या हेडला बहुधा २६ ते २८ पुरतात. आतल्या प्लेटवर १५ आकडा असेल तर ते डिस्ट्रिब्यूटरचे अंश. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकवर ३०. आयडलला १२ ठेवले तर एकूण ४२! १० च्या वर कॉम्प्रेशन रेशो असलेल्या इंजिनात एवढ्यावर पिस्टन वितळतो, आणि साइडड्राफ्टच्या गोंगाटात नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी स्फोटासारखं पेटल्याची खडखड) ऐकूही येत नाही.

पॉइंटगॅप

हिशेब बरोबर आहे, उपायही त्यातच आहे. आयडलला १२ आणि एकूण २८ हवे, तर वजनांनी क्रँकचे १६ अंश द्यायला हवेत, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे ८. ज्या खाचेत पिन सरकते ती ब्रेझिंगने भरा आणि कानस मारत ८ अंशांवर आणा. मग टायमिंग लाइट लावून दर ५०० आरपीएमला आकडा लिहा. २८ अंश ३,००० च्या आसपास पूर्ण झाले पाहिजेत. लवकर झाले तर स्प्रिंग जाड, उशिरा झाले तर पातळ.

व्हॅक्यूमच्या मुद्द्यावर मात्र माघार घेतो. दोन साइडड्राफ्ट असतील तर हलक्या थ्रॉटलचा अॅडव्हान्स डिस्ट्रिब्यूटरला देता येत नाही. सगळ्या सिलिंडरना एकत्र जोडणाऱ्या साध्या मॅनिफोल्डवर एकच डाउनड्राफ्ट (वरून हवा ओढणारा) कार्बोरेटर असेल तर व्यवस्थित देता येतो. म्हणून आधी कार्बोरेटर ठरवावा, इग्निशन त्याच्यामागून.

दातमोजणी

क्रँक ट्रिगरकडे जाणाऱ्यांसाठी. फोर्डच्या ईडीआयएस या डिस्ट्रिब्यूटरशिवायच्या इग्निशनला ३६ उणे १ दातांचं चाक लागतं, म्हणजे ३६ दातांच्या जागा आणि त्यातला एक गाळलेला. एक दात १० अंशांचा. चार सिलिंडरला पहिला पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या बिंदूवर) असताना सेन्सर गाळलेल्या दातापासून नवव्या दातासमोर हवा. एक दात चुकला की टायमिंग १० अंशांनी चुकलं. सेन्सर आणि दात यांत साधारण १ मिमी फट ठेवा, सेन्सरच्या वायरी शील्ड असलेल्या घ्या आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्या. प्लगच्या वायरीही रेझिस्टन्सवाल्याच. आणि @पॉइंटगॅप, लॅपटॉपची भीती इथे तितकी खरी नाही: अॅडव्हान्सचा सिग्नल तुटला तर ईडीआयएस १० अंशांवर स्थिर राहतं, गाडी रडत का होईना घरी येते.

चाक रबर असलेल्या डॅम्परच्या (क्रँकची थरथर शोषणाऱ्या पुलीच्या) बाहेरच्या कड्यावर वेल्ड करू नका. रबर उष्णतेने सुटतं, कडं हळूहळू सरकतं आणि टायमिंग आपोआप बदलत जातं. आतल्या हबवर बोल्टने धरा. इंजिनात कारखान्याचंच ६० उणे २ चं चाक असेल तर ते काढायची गरज नाही. ते वाचणारं युनिट घ्या.

फ्लोटलेव्हल

ठिणगीवर एवढं झालं, आता पेट्रोल. डीसीओईला २.५ ते ३.५ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या पंपाचा दाब त्याच्या दहापट-पंधरापट. त्यामुळे नियम साधा: इंजेक्शनचा पंप काढा, कमी दाबाचा पंप लावा. इंजेक्शनच्या ब्लॉकवर मेकॅनिकल पंपाची जागा झाकणाने बंद केलेली दिसते, पण मागे कॅमवर पंप चालवणारा उंचवटा आहे का हे उघडून पाहिल्याशिवाय पंप विकत घेऊ नका.

इलेक्ट्रिक पंप ढकलतो चांगलं, ओढतो वाईट. टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा. इंजिनाजवळ बसवला तर ओढताना पाइपातला दाब घटतो आणि गरम पेट्रोलची तिथेच वाफ होते. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, नंतर बारीक. १५० हॉर्सपॉवरला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ४६ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरच्या किंचित वर. इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडचं टोक मापाच्या डब्यात सोडा. मिनिटाला सव्वा लिटर आलं तर निश्चिंत राहा.

टाकीतळ

हा नियम सरसकट नको. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, थंड राहतो, वळणावर त्याच्या भोवतीचं भांडं पेट्रोल धरून ठेवतं. तो ठेवून इंजिनाजवळ रिटर्नचा (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवणारा) कमी दाबाचा रेग्युलेटर लावला, की पेट्रोल सतत फिरत राहतं आणि व्हेपर लॉक (वाफेने पुरवठा अडणं) होत नाही. रिटर्न नसलेल्या साध्या रेग्युलेटरवर गाडी बंद केल्यावर रेग्युलेटर आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल घेणारा नीडल व्हॉल्व्ह यांच्यामधलं पेट्रोल तापून फुगतं, नीडल उचलतं आणि मॅनिफोल्डमध्ये ठिबकतं. गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही त्याचं हे मोठं कारण.

फ्लोटलेव्हल

रिटर्न हवा, यावर दुमत नाही. पण मोठा पंप ३ पीएसआयवर त्याच्या लिहिलेल्या क्षमतेपेक्षाही जास्त पेट्रोल फेकतो. ते सगळं ६ मिमीच्या जुन्या रिटर्न पाइपातून परत जाऊ शकत नाही. तिथेच दाब तुंबतो आणि रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी गेजवर ५-६ पीएसआय दिसत राहतात. लोक रेग्युलेटर बदलतात, आकडा तोच. रेग्युलेटरचं रिटर्नचं टोक सोडवून काही सेकंद डब्यात धरा. दाब ३ वर आला तर दोष पाइपाचा. १० मिमीचा रिटर्न टाकायची तयारी असेल तर टाकीतला पंप जरूर ठेवा.

पंप कोणताही असो, त्याला रिले द्या. शिवाय ठिणगीचा सिग्नल थांबताच पुरवठा तोडणारा टॅको रिले आणि अपघातात तोडणारा इनर्शिया स्विच द्या. साधा स्विच देऊन भागवणाऱ्यांना कळकळीने सांगतो: पाइप फाटला आणि इंजिन बंद पडलं, तरी किल्ली चालू असेपर्यंत तो पंप तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ओततच राहतो.

रिंगस्पॅनर

@टाकीतळ, रिटर्नचा पाइप जुन्या गाडीच्या टाकीत कुठे जोडायचा, हेही लिहा. फिलरच्या मानेत सोडला तर पेट्रोल उंचावरून पडून फेसाळतं.

टाकीतळ

वरून आत घ्या आणि टोक तळाजवळ, पेट्रोलच्या पातळीखाली न्या. पंप ज्या तोंडातून ओढतो त्यापासून निदान वीतभर दूर ठेवा, नाहीतर परत आलेले वाफेचे बुडबुडे तोच पुन्हा ओढतो.