ली मॅथ्यूज : प्रशिक्षकपदाचे यश खेळाडूपणाच्या पुण्याईवर?

क्रीडाशिक्षक, धरमपेठ, नागपूर :
नमस्कार. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील (सॉकरहून वेगळा, लंबगोल चेंडूने हात-पाय दोन्ही वापरून खेळला जाणारा खेळ) ली मॅथ्यूज विसाव्या शतकातील सर्वोत्तम खेळाडू गणले गेले आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी चार विजेतेपदे मिळवली. ही दुसरी कारकीर्द पहिलीच्या पुण्याईवर उभी होती, की तिचे श्रेय स्वतंत्रपणे मोजावे?

जुना प्रेक्षक, सीताबर्डी :
पुण्याई मोठी होती, हे निर्विवाद. १९६९ ते १९८५ या काळात हॉथॉर्न क्लबकडून ३३२ सामने, ९१५ गोल आणि चार विजेतेपदे. १९८२ मध्ये विंडी हिल मैदानावर धावत येऊन ते गोलच्या कडेच्या खांबावर आदळले, तेव्हा मोडला तो खांब! मात्र १९८५ मध्ये त्यांच्या ठोशाने प्रतिस्पर्धी जिलाँग क्लबच्या एका खेळाडूचा जबडा मोडला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, हेही त्यांच्या गौरवगाथेत यायला हवे.

वाचक, महाल :
माझ्या मते श्रेय स्वतंत्रच मोजावे, कारण नाव कितीही मोठे असले तरी त्यामुळे पहिल्या दिवशी खेळाडू फार तर कान देतात, पुढची दहा वर्षे नव्हे. १९५८ पासून विजेतेपदाला मुकलेल्या कॉलिंगवुड क्लबला मॅथ्यूज यांनी प्रशिक्षक म्हणून १९९० मध्ये ते मिळवून दिले. त्यानंतर मात्र १९९५ पर्यंत तेथे पुन्हा यश आले नाही. ब्रिस्बेन लायन्स हा संघ १९९८ मध्ये गुणतक्त्यात तळाला होता. पुढच्याच हंगामात मॅथ्यूज आले आणि २००१, २००२ व २००३ अशी सलग तीन विजेतेपदे या संघाने जिंकली, तीही रग्बी लीगचे वेड असलेल्या शहरात. अर्थात मायकेल वॉस, सायमन ब्लॅक यांच्यासारखे खेळाडू हाताशी होते आणि वेतनमर्यादेत (संघाने खेळाडूंवर एकूण किती वेतन खर्चावे याची मर्यादा) ब्रिस्बेनला जादा सवलत होती. मेलबर्नचे क्लब त्यावरून कुरकुरत, ते अगदीच अकारण नव्हते.

क्रीडाशिक्षक, धरमपेठ, नागपूर :
आभारी आहे. आपल्याकडे चंद्रकांत पंडित जेमतेम पाच कसोटी खेळले, तरी त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. तेव्हा पुण्याई अनिवार्य नाही, हे मान्य.

वाचक, महाल :
सर, एक भर घालतो. २००२ आणि २००३ च्या दोन्ही अंतिम सामन्यांत ब्रिस्बेनसमोर मॅथ्यूज यांचाच जुना संघ कॉलिंगवुड होता. पहिला सामना पावसात अवघ्या ९ गुणांनी सुटला, दुसरा ५० गुणांनी एकतर्फी झाला.