नवीन स्टिक आली, आता जुनीचं काय करायचं?

रिमोट_कुठाय:
नमस्कार मंडळी, प्रश्न तसा छोटा आहे पण घरात दोन दिवस यावरून चर्चासत्र चालू आहे म्हणून विचारतेय. हॉलमधल्या टीव्हीला नवीन ४के वाली स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीत खोचली की त्यावर ऑनलाइन व्हिडिओची ॲप चालतात ती) लावली, ती मस्त चालतेय, तिचं काही नाही. जुनी आहे तिचं काय करू? सात-आठ वर्षं झाली असतील तिला, १०८०पी वाली, ८ जीबी स्टोरेज आणि त्यातलं बरंचसं सिस्टिमनेच खाल्लेलं, म्हणजे एक ॲप टाकायचं तर आधी दुसरं काढा. एका ॲपने तर मागेच हात वर केले, "हे डिव्हाइस आता सपोर्टेड नाही". बाकीची उघडतात पण उघडेपर्यंत माणूस मोबाईल काढून बसतो आणि मग टीव्ही बघायचाच राहतो.

बेडरूमच्या टीव्हीला लावून बघितली तर तिथे वेगळीच गंमत. अर्धा-पाऊण तास नीट चालते आणि मग अचानक स्क्रीन काळी, परत कंपनीचा लोगो, परत पहिल्यापासून. हॉलमध्ये हे असं एकदाही झालं नव्हतं. गेली म्हणायची का?

नवरा म्हणतो विकून टाक, मुलगी म्हणते कोण विकत घेणारे, फुकट दे कुणाला तरी. आणि सासूबाईंचं एकच, माझा रिमोट कुठे न्यायचा नाही. त्या रिमोटवरची चिन्हं पुसली गेलीयेत, मागचं झाकण चिकटपट्टीवर टिकलंय, पण अंधारात त्यांचा अंगठा बरोब्बर हव्या त्या बटणावर जातो. नव्या रिमोटवर खाली ॲपची रंगीत बटणं आहेत, त्यांचा हात नेमका तिथेच पडतो आणि चालू मालिका सोडून भलतंच काहीतरी उघडतं. मग हाका.

काय करू सांगा. फेकायचं जिवावर येतंय.

जुनी_वायर:
ताई, बेडरूममध्ये पॉवर कुठून दिलीय? टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टमधून ना?

रिमोट_कुठाय:
हो!! तुम्हाला कसं कळलं? तिथे सॉकेट कपाटामागे आहे म्हणून टीव्हीतच खोचली.

जुनी_वायर:
मग स्टिक गेलेली नाहीये, उपाशी आहे बिचारी. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून नियमाने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात. तुमच्या स्टिकच्या मूळ अडॅप्टरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा, बहुतेक ५ व्होल्ट १ अँपिअर असणार, म्हणजे लागतं त्याच्या निम्मंच टीव्ही देतोय. मेनू फिरवताना तेवढ्यात भागतं पण व्हिडिओ आणि वायफाय दोन्ही जोरात चालू झाले की करंट पुरत नाही, व्होल्टेज पडतं आणि पठ्ठी रीस्टार्ट. काही टीव्हींना हार्ड डिस्कसाठी जास्त करंटचा एक वेगळा पोर्ट असतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं, तुमच्याकडे असला तर तो वापरा. नाहीतर कपाट सरकवा आणि मूळ अडॅप्टर लावा. केबलही मूळचीच घ्या, लांबलचक बारीक केबलमध्येसुद्धा व्होल्टेज पडतं. मी स्वतः एक चांगली चालणारी स्टिक या एवढ्या कारणासाठी मोडीत काढलीय, नंतर अक्कल आली.

आणि अजून एक, स्टिक टीव्हीच्या अगदी पाठीला चिकटून बसली असेल तर वायफायला त्रास होतो, मागे सगळा पत्रा असतो. बॉक्समध्ये एचडीएमआयची ती वीतभर एक्स्टेंडर केबल येते ना, जी आपण सगळे खणात टाकून विसरतो, ती लावून स्टिक जरा बाहेर काढा.

लॉगआऊट_आधी:
द्यायची ठरलीच तर माझी फजिती वाचून मग द्या. मी माझी जुनी स्टिक ओळखीतल्या एकाला दिली, म्हणलं घरचाच माणूस आहे, रिसेट कशाला. दोन आठवड्यांनी माझ्या "पाहणे सुरू ठेवा" मध्ये एकापाठोपाठ एक कार्टून, आमच्याकडे लहान मूल नाही हो. मला आधी वाटलं बायको बघतेय, तिला वाटलं मी बघतोय, आणि दोघंही एकमेकांना न विचारता समजून घेत होतो 😅 मग एक दिवस कार्डावरून सिनेमाच्या भाड्याचे पैसे गेले तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या पोराने बटण दाबलं, कार्ड माझं सेव्ह होतं. चूक माझीच, त्या पोराला काय बोलणार.

तर आधी स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं काढा, मग फॅक्टरी रिसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखी करा. स्टिक आधीच हातातून गेली असेल किंवा चालूच होत नसेल तरी घाबरू नका, मोबाईलवरून खात्यात जाऊन डिव्हाइसची यादी उघडा आणि तिथून काढून टाका. पण मेन खातं काढलं की सगळं झालं असं समजू नका, प्रत्येक व्हिडिओ ॲपचं लॉगिन वेगळं असतं, त्या त्या ॲपच्या साइटवर "सर्व डिव्हाइसवरून साइन आउट" असतं ते करा. घरातल्या सगळ्यांना परत लॉगिन करावं लागेल, शिव्या खायची तयारी ठेवा.

अर्धवट_इंजिनिअर:
वरच्यांचं बरोबर आहे पण एक सावधगिरी. द्यायची असेल तरच रिसेट करा. स्वतः वापरणार असाल तर "जरा फास्ट होईल" म्हणून उगाच रिसेट मारू नका. रिसेट केल्यावर स्टिक परत सेटअप करावी लागते आणि ते सेटअप कंपनीच्या सर्व्हरशी बोलून होतं, जुन्या मालाला तिकडून उत्तर येईलच याची खात्री कोण देणार. मार्च २०२५ मध्ये गुगलची स्ट्रीमिंगची उपकरणं, दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि स्पीकरला लावायचे क्रोमकास्ट ऑडिओ, जगभर एकदम बंद पडले होते, आठवत असेल. २०१५ चा माल तो, त्याच्या आतलं एक सर्टिफिकेट (उपकरण अस्सल आहे हे पटवणारं डिजिटल ओळखपत्र) एक्स्पायर झालं होतं. हार्डवेअर ठणठणीत, आतला फक्त एक कागद मुदतबाह्य. गुगलने तेव्हा सांगितलं होतं की फॅक्टरी रिसेट करू नका, पण आपली सवय काय, काही अडलं की आधी रिसेट, ज्यांनी केलं ते जास्त अडकले. पुढे दुरुस्तीचा अपडेट आला हा भाग वेगळा.

त्यामुळे "चालतेय का" एवढं बघून भागत नाही, सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा अपडेट कधीचा आहे तेही बघा. पहिल्या क्रोमकास्टला, २०१३ वाल्या, गुगलने २०२३ मध्ये अपडेट बंद केले. ॲपलटीव्हीच्या तिसऱ्या पिढीवरून नेटफ्लिक्स ३१ जुलै २०२४ नंतर गेलं. डबा तसाच, टीव्ही तसाच, ॲपच नाही. तुमच्या बाबतीत एक ॲप गेलंय, बाकीची पण एकेक करून जाणार, त्यामुळे विकायचा विचार सोडा. घेणारा चार महिन्यांनी तुमच्याच नावाने खडे फोडेल. अपडेट बंद झाले असतील तर मी तरी त्यावर कार्ड जोडलेलं खातं ठेवणार नाही, आणि राउटरवर गेस्ट वायफाय (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) असेल तर तिला त्यावर टाका, घरातल्या कॉम्प्युटरपासून लांब बरी. फक्त मोबाईलवरून कास्ट करायचं (मोबाईलवरचं टीव्हीवर पाठवायचं) असेल तर मोबाईल आणि स्टिक एकाच नेटवर्कवर लागतात, मग हे जमणार नाही.

घरचा_प्रोजेक्टर:
अहो तुम्ही सगळे ऑनलाइन ॲपच्याच मागे का? माझ्या जुन्या स्टिकवर फक्त व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आहे, बाकी सगळं उडवलं. जुन्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलंय, त्यात घरचे व्हिडिओ आणि फोटो, स्टिक वायफायवरून ते उघडते. ना सबस्क्रिप्शन ना "सपोर्टेड नाही". मला आणखी हौस होती म्हणून कॉम्प्युटरवर जेलीफिन हे घरचे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं, ते फुकट आहे, पोस्टर वगैरे लावून छान यादी करून देतं, पण तेवढं करायची गरज नाही.

एकच अडचण येईल ती आधीच सांगतो. अलीकडच्या फोनवर शूट केलेले व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये असतात, आयफोन तर २०१७ पासून तेच करतो. जुन्या स्टिकांमध्ये बऱ्याचदा एच.२६४ या जुन्या फॉरमॅटचाच डीकोडर (व्हिडिओ उलगडून दाखवणारा भाग) असतो, मग ते व्हिडिओ अडखळत चालतात किंवा नुसता आवाज येतो आणि चित्र गायब. माझ्या भाचीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ मी सगळ्या नातेवाईकांसमोर असाच लावला होता, टाळ्या ऐकू येतायत आणि समोर काळा पडदा. कॉम्प्युटरवर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एच.२६४ मध्ये बदलून घ्या, नीट चालतात.

स्क्रू_ड्रायव्हर:
मी उलट बोलतो. नाही लागत ना, मग द्या ई-कचऱ्यात आणि मोकळे व्हा. माझ्या खणात तीन स्टिक, दोन डोंगल आणि एक डबा आहे, सगळे "उपयोगी पडेल" या नावाखाली, आजवर एकही पडलेला नाही. एका रिमोटमध्ये सेल तसेच राहिले होते, फुटून हिरवट-पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि स्प्रिंगाच खाल्ल्या. ठेवणारच असाल तर निदान सेल काढून ठेवा. आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२२ सालचा जगाचा ई-कचरा ६ कोटी २० लाख टन दिलाय आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झालेला फक्त २२.३ टक्के. बाकीचा बहुतेक आपल्यासारख्यांच्या खणात असणार 😄

रिमोट_कुठाय:
सगळ्यांचे आभार, अपडेट देते. कपाट सरकवलं (त्यामागे सापडलेल्या गोष्टींची वेगळी यादी होईल), मूळ अडॅप्टर लावला, खणातून ती एक्स्टेंडर पण मिळाली. तीन संध्याकाळी झाल्या, एकदाही बंद पडलेली नाही. जुनी_वायर, तुम्ही म्हणाल ते. हळू आहे ती आहेच, पण सासूबाईंना एकच ॲप लागतं, ते अजून चालतं आणि रिमोट त्यांच्या उशाशी. त्यामुळे विकायचा, द्यायचा विषय सध्या संपला. ते ॲप बंद पडेल त्या दिवशी स्क्रू_ड्रायव्हर यांचं ऐकेन. कार्ड काढून टाकलंय, रिसेट केलेलं नाही.

लॉगआऊट_आधी यांची फजिती वाचून खात्यातली डिव्हाइसची यादी पण उघडली. अकरा नावं! त्यातले दोन तर असे फोन जे आम्ही कधीच मोडीत दिलेत. एक "लिव्हिंग रूम २" नावाचं होतं, आमच्याकडे लिव्हिंग रूम एकच आहे. म्हणलं हा कोण बाई आगंतुक, दिला काढून. अर्ध्या तासात भावाचा फोन, "ताई, तुमच्याकडे पण बंद पडलंय का गं?"