हौशी डॉक्टरांना गावात येऊ द्यायचं का?

सास्तूरकर:
काल इथं एकानं लिहिलं की हिंगोलीकडं मोठा भूकंप झालाच तर बाहेरून आपणहून मदतीला येणाऱ्या हौशी डॉक्टरांना वेशीवरच अडवा, किल्लारीच्या भूकंपात त्यांनी नुसती गर्दी केली. वाचून डोकं फिरलंय. गर्दी केली ती बघ्यांनी, गाड्या करून पडलेली गावं बघाय आलते, त्यात डॉक्टर पोरांना कशाला ओढता? 1993 चा 30 सप्टेंबर, पहाटे 3.56, गणपती बोळवून माणसं नुकतीच आडवी झालती आणि दगड-मातीच्या भिंतीसकट माळवद, म्हंजे मातीचं जड छत, अंगावर आलं. आमच्या वडलांना भावकीनं उकरून काढलं, पिंडरीची चिंधी झालती. एक शिकाऊ डॉक्टर कंदिलाच्या उजेडात जखम धूत बसला, कणकण माती काढली आणि टाके न घालता ओली पट्टी ठेवून उघडीच ठेवली. चुलता अंगावर धावून गेला, टाके का घालीना म्हणून. मातीची जखम शिवली की आत सडते, हे त्या पोराला ठाऊक होतं. वडील त्याच पायावर मरेपर्यंत वावरात राबले.

उमरगेकर:
ती पोस्ट माझीच आणि एक शब्द मागं घेत नाही. आमच्याकडं आलेल्यानं मावशीची मांडी दणादण शिवली आन् पुढच्या गावाला निघून गेला. नाव नाही, कागद नाही, इंजेक्शन कुठलं दिलं कुणाला माहीत नाही. पू झाला, पाय कापावा लागला. विचारायचं कुणाला? हैतीच्या 2010 च्या भूकंपात असलाच गोंधळ झाला, तवा कुठं जागतिक आरोग्य संघटनेनं बाहेरून येणाऱ्या पथकांना नियम घातले, आपलं पाणी, जेवण, औषधं घेऊन या आणि पेशंटची नोंद ठेवा.

सिस्टरताई:
टाक्यावरून भांडायलात दोघं. दगडाखाली पाय तासन्‌तास चेंगरलेला माणूस काढला की चांगला बोलतो, पाणी मागतो, आणि मग दबलेल्या मांसातलं विष रक्तात उतरून किडनी बंद पडते, हृदयसुद्धा थांबतं. म्हणून बाहेर ओढायच्या आधीच सलाईन लावायचं असतं. पुण्या-मुंबईचा डॉक्टर तवर पोचत नाही, ते काम गावातल्या सिस्टरचं नाहीतर पीएचसीच्या, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरचं. आणि आमच्याकडं साहेब पाच वाजले की गाडीत बसून तालुक्याला जातात!

बाँडवाला डॉक्टर:
ताई, तोंड सांभाळून बोला. शिक्षणाच्या बाँडपायी पीएचसीत सरकारी सेवा करणारा तो साहेब मीच. क्वार्टर बघितलं का माझं? पावसाळ्यात खाटेवर पाणी, नळ कोरडा, रात्री दारुडे दार बडवतात आणि फोन केला तर कुणी येत नाही. गरोदर बायकोला तिथं ठेवू?

सिस्टरताई:
उपकेंद्राचं छतबी गळतंच, तरी मी राहते. रात्री दोनला बाळंतीण आली तर तिला काय सांगू, साहेब नाहीत म्हणून?

बाँडवाला डॉक्टर:
तुम्ही राहता हे खरंय, पण म्हणून माझ्या लेकरानं गळक्या छताखाली जन्मावं असं नाही. हे बांधणाऱ्या ठेकेदाराला एकदा तरी जाब विचारलाय का गावानं?

लातूरचा पोरगा:
चर्चा कशाची आणि चाललंय काय! 2024 च्या मार्चात हिंगोलीला 4.5 चा धक्का बसला, जुलैत परत तेवढाच, लोक अजून माळवदाखाली झोपायलेत.

सास्तूरकर:
उमरगेकर, मावशीचं वाचून वाईट वाटलं. कुणाच्या हाताखाली न राहता, नोंद न करता फिरणाऱ्याला अडवा, एवढं मानतो. पण वेशीवर नाही, पीएचसीच्या दारात. नाव, रजिस्ट्रेशन नंबर लिहून घ्या, गाव नेमून द्या.

उमरगेकर:
हे आधीच म्हणला असता तर भांडलोच नसतो. पण पहाटे चारला त्या दारात लिहून घ्यायला असणार कोण? डॉक्टर, तुम्हीच सांगा.

बाँडवाला डॉक्टर:
न गळणारं छत द्या, मी असेन.